अर्धा इंच माया

दोरी सुटली, खाकी कागद टेबलावर उलगडला आणि थोरल्या बाईंचा हात मधेच थांबला. झालं ते एवढंच. बाहेर शिलाईची यंत्रं चालू होती, खिडकीशी बसून काजं करणारी म्हातारी कुणाला तरी काही सांगून स्वतःच हसत होती, टेबलाच्या कडेला ठेवलेल्या चहावर साय धरत होती. पण समोर उभ्या असलेल्या, कागदी साचे करून देणाऱ्या मास्टरबाईनं तो कागद ओळखला. कागदाच्या कोपऱ्यात टाचणीनं एक चिठ्ठी लावलेली होती. अक्षर डावीकडे झुकलेलं, घाईचं, 'क'ची शेपटी खालच्या ओळीत ओढून नेणारं. ते अक्षर या खोलीत यायला नको होतं. ते जन्मलं होतं याच खोलीत, याच टेबलाखाली, मोडक्या खडूच्या तुकड्यांनी फरशीवर; आणि गेल्या तीन वर्षांत ते इथं कुणी पाहिलं नव्हतं.

थोरल्या बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मग दुसऱ्या कुणाचं पत्र वाचून दाखवावं तशा आवाजात म्हणाल्या, "'मूल रडतं ते डोकं अडकतं म्हणून नाही. कान मुडपतात म्हणून. गळा कानामागून घे.'"

"हे पुलापलीकडचं आहे," मास्टरबाई म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "गठ्ठे बदलले माझ्याकडून. तुमचा घरी राहिला."

"हं."

"मी सांगायला हवं होतं तुम्हाला. तुमच्या लेकीचंही काम करते म्हणून. तीन वर्षं झाली."

"तीन वर्षं झाली ते मला माहीत आहे." थोरल्या बाईंची नजर कागदावरून हलली नव्हती. "तिच्या दुकानातला पहिला फ्रॉक कुणीतरी आणून दाखवला, तेव्हाच कळलं. बाहीचा मुंढा तुझा होता. तुझ्या हातची बाही मी डोळे मिटून नुसता हात फिरवून ओळखीन. तू आज सांगशील, उद्या सांगशील म्हणून वाट बघितली पहिले काही महिने. मग सवय झाली."

मास्टरबाईनं सुटलेली दोरी बोटाला गुंडाळायला घेतली. बाई ओरडल्या असत्या, हाकलून दिलं असतं तर तिनं मान खाली घालून निमूट ऐकलं असतं. पण कुणी आपली वाट बघत होतं आणि बघता बघता कंटाळून गेलं, हे ऐकायची तिची तयारी नव्हती. थोरल्या बाईंनी बोटाच्या टोकानं कागदावरची गळ्याची रेघ हळूहळू गिरवली. डाव्या खांद्यावरून निघून मानेमागे उतरणारी, सगळ्या गळ्यांपेक्षा वेगळी, काहीशी वेडगळ दिसणारी रेघ. खांद्यावर कापडावर कापड येणार, बटण नाही, बंद नाही. लहान मुलाचं डोकं त्यातून पाण्यातून वर यावं तसं सहज वर येणार. त्या रेघेत काय आहे हे थोरल्या बाईंना कळायला वेळ लागला नाही. चाळीस वर्षं त्या मुलांचे कपडे करत होत्या.

"हा कागद आज राहू दे इथं," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी ने."

"नाही, बाई. तिचा आहे."

"मी उतरवून घेईन असं वाटतं तुला?"

"नाही वाटत."

"मग?"

"तुम्ही काय कराल याचा प्रश्नच नाही. मी काय करते त्याचा आहे."

 थोरल्या बाईंनी टाचणी काढून चिठ्ठी वेगळी केली आणि इतक्या हळू विचारलं की यंत्रांच्या आवाजात ते जवळजवळ बुडूनच गेलं. "निदान ही?"

मास्टरबाईनं हात पुढे केला. थोरल्या बाईंनी चिठ्ठी तिच्या तळहातावर ठेवली.

मग ती पुलावरून, पलीकडच्या आपल्या खोलीकडे, चालत होती. बसनं जायचं ती विसरली होती, की बसमध्ये शेजारी कुणी बसायला नको होतं म्हणून चालत निघाली होती, कोण जाणे. काखेत कागदाची गुंडाळी, मुठीत चिठ्ठी. मी काही कुणाची नोकर नाही, हे वाक्य ती मनाशी म्हणत होती. गेली तीन वर्षं अडल्यानडल्या वेळी ती हेच वाक्य म्हणत आली होती आणि त्यानं तिला दर वेळी आधार दिला होता. ती स्वतंत्रपणे काम करणारी बाई. तिची स्वतःची खोली, स्वतःचं लांब टेबल, स्वतःच्या कात्र्या. कपड्याचा पॅटर्न, म्हणजे कापड कापण्याआधीचा कागदी साचा, बनवून द्यायचा. जो मागेल त्याला द्यायचा. डॉक्टर दोन भांडलेल्या शेजाऱ्यांना तपासत नाही का? पण डॉक्टर एका शेजाऱ्याच्या घरात बावीस वर्षं दर बुधवारी चहा पीत नाही, हेही लगेच मनात यायचं, आणि मग तो डॉक्टर आपला गप्प बसायचा. आज तर ते वाक्य अर्ध्यातच विरून गेलं. गठ्ठा बदलला कसा? थोरल्या बाईंच्या गठ्ठ्याला लाल दोरी, पुलापलीकडच्याला निळी. पेन्सिली वेगळ्या, कपाटाचे खण वेगळे. बुधवार इकडचा, शुक्रवार तिकडचा. एका टेबलावरचं अक्षरही दुसऱ्या टेबलावर न्यायचं नाही. लाल दोरी संपली म्हणून तिनं दोन्ही गठ्ठे साध्या सुतळीनं बांधले, हे खरं. पण वाण्याचं दुकान तिच्या खोलीखालीच होतं, दोरी आणायला चार पायऱ्या उतरायच्या होत्या. हात चुकला, की तीन वर्षं गप्प राहिलेल्या हातानं एकदाचं तोंड उघडलं? तिनं त्या विचाराला मधेच थोपवलं. नदीचं पाणी खाली सावकाश, मळकट, कुणाशी देणंघेणं नसल्यासारखं वाहत होतं.

ती थोरल्या बाईंच्या दुकानात पहिल्यांदा आली तेव्हा त्यांची बॉबिन सहा वर्षांची होती. खरं नाव दुसरंच, पण गुटगुटीत पोरगी दोऱ्याच्या रिळासारखी यंत्रांखालून इकडून तिकडे घरंगळत असायची म्हणून शिंप्यांनी तिला बॉबिन केलं, आणि ते नाव असं चिकटलं की शाळेतल्या बाईसुद्धा एकदा चुकून तेच म्हणाल्या. तिला वडील नव्हते. असले तरी त्या खोलीत त्यांचा विषय निघत नसे. तिला होती आई, आणि आईचं टेबल. आणि मग बुधवारची मास्टरबाई, जिला ती मावशी म्हणायला लागली, कुणी न सांगता. मास्टरबाईला तेव्हा तीस वर्षं पुरी होत होती. लग्न ठरता ठरता राहिलेलं, आई नुकतीच गेलेली, भाऊ दूर कुठंतरी, वर्षाकाठी चार ओळी लिहिणारा. त्या खोलीत शिरलं की कोऱ्या कापडाचा खळीचा वास यायचा, थोरल्या बाई न बघताच म्हणायच्या, "आलीस? हे बघ, हा खांदा काही मला पटत नाही," आणि पुढचे तीन तास त्या दोघी एका कागदावर वाकून असायच्या, डोक्याला डोकं लागेल इतक्या. त्यांचं बोलणं सगळं इंचात. घेर, उतार, पाऊण, सव्वा, आणि माया, म्हणजे शिवणीच्या बाहेर राखलेलं जादा कापड. "माया किती ठेवलीस?" "अर्धा इंच." "लहान मुलाला अर्धा पुरत नाही गं, ते वाढतं. पाऊण सोड." मास्टरबाईला वाटायचं, जगात दोन माणसं एकमेकांशी यापेक्षा जास्त काय बोलत असतील? घरी आल्यावर मंगळवारपर्यंत तिला ते तीन तास पुरायचे. कधी कधी सोमवारीच संपायचे.

आणि बॉबिन त्या टेबलावर उभी असायची. दुकानात पुतळे होते, पण पुतळा हात वर करत नाही, पुतळ्याला खाज सुटत नाही. म्हणून प्रत्येक नवा कपडा आधी बॉबिनच्या अंगावर. दुपारी शाळेतून आली की दप्तर खाली, पोरगी टेबलावर. सदरा घाल, काढ, पुन्हा घाल. हात वर. सरळ उभी राहा. थोरल्या बाई गळ्यातून कपडा खाली ओढायच्या, मास्टरबाई तोंडात टाचण्या धरून खालून घेर आखायची. बॉबिनचे कान मोठे होते, दोन्ही बाजूंना पुढे आलेले. शिंपी तिला गमतीनं म्हणायचे, तू वारा आला तर उडून जाशील. कपडा ओढताना ते कान मुडपायचे, लाल व्हायचे. कान लाल झालेली, डोळ्यांत पाणी आणून सरळ उभी असलेली पोरगी. पुलाच्या मधोमध मास्टरबाईला ती इतकी लख्ख दिसली की तिनं कठड्याला हात टेकला. आपण तेव्हा काय पाहत होतो? घेर पाहत होतो. घेर एका बाजूला उतरत होता.

बॉबिन मोठी झाली, त्याच टेबलावर शिकली, आईपेक्षा चांगलं चित्र काढायला लागली. आणि एक दिवस तिनं स्वतः केलेला पहिला पॅटर्न आईसमोर ठेवला. कशावरून बिनसलं ते आता नीटसं आठवतही नव्हतं. खिशाच्या जागेवरून, की बॉबिन म्हणाली, "तुझे कपडे बघणाऱ्यांसाठी असतात, घालणाऱ्यांसाठी नाही," त्यावरून. थोरल्या बाईंनी तो कागद उचलला आणि सगळ्यांदेखत उभा फाडला. यंत्रं एकेक करून थांबली.  बॉबिननं आपली पट्टी घेतली, टेप गळ्यात घातला आणि ती निघून गेली. मास्टरबाईनं तुकडे गोळा केले. ते कुणाला द्यायचे हे न कळून घरी नेले. आठवड्याभरानं बॉबिन तिच्या खोलीच्या दारात उभी. "मावशी, मी इकडेच, पुलाच्या या बाजूला, दोन खोल्या घेतल्यात. मुलांचेच कपडे करणार. तू माझं काम करशील?" मास्टरबाईनं विचार करायला वेळ मागायला हवा होता. निदान म्हणायला हवं होतं, आधी तुझ्या आईला सांगून येते. ती म्हणाली, "ये, आत ये," आणि कपाटातून ते तुकडे काढून टेबलावर जुळवायला लागली.

त्या क्षणी तिला जे वाटलं होतं त्याला तिनं पुढं चांगली चांगली नावं दिली. कसब कुणाच्या मालकीचं नसतं. पोरीला आधार नको का? पण खरं साधं होतं: एक गेली तर दुसरीही हळूहळू जाईल, आणि मग बुधवार नुसता वार होऊन राहील, या भीतीनं तिनं दोघींना धरून ठेवलं. एकीला एका हातानं, दुसरीला दुसऱ्या हातानं, आणि मधे आपण. दोघी तिच्यामार्फत एकमेकींपाशी होत्या आणि दोघींना ते बोलायची चोरी होती. थोरल्या बाई कधी मधेच म्हणायच्या, "पलीकडे हवा बरी असेल, नाही? नदीच्या त्या बाजूला वारा असतो." बॉबिन शुक्रवारी विचारायची, "काजंवाल्या आजी अजून येतात का गं?" एवढंच. मास्टरबाई म्हणायची, "येतात." आणि आपण एक अक्षरही इकडचं तिकडे करत नाही याचा तिला अभिमान वाटायचा.

शुक्रवारी तिनं बॉबिनला सगळं सांगितलं. लपवून चाललं असतं, बॉबिनला कधी कळलंही नसतं. पण एकदा न सांगण्याचं काय होतं ते तिनं बुधवारी पाहिलं होतं. बॉबिनच्या दोन खोल्यांत ऊन फार यायचं. तिनं कापलेल्या छोट्या बाह्या दोरीवर टांगल्या होत्या, वाऱ्यानं हलत होत्या. ऐकता ऐकता बॉबिनचा चेहरा उतरला, मग तापला.

"उघडलं तिनं? पूर्ण?"

"पूर्ण."

"मावशी, अगं या गळ्यावर मी वर्षभर बसले आहे! माझ्याकडे दुसरं काही नाही. तिच्याकडे वीस यंत्रं आहेत. तिनं उचलला तर महिन्याभरात सगळीकडे तिचाच म्हणून दिसेल आणि मी तिची नक्कल ठरेन."

"उचलणार नाहीत त्या."

"कशावरून?"

 बॉबिननं कात्री उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. खिडकीकडे तोंड केलं. "किती वेळ बघत होती?"

हे कोण विचारत होतं, धंदेवाली की पोरगी, ते मास्टरबाईला कळेना. कदाचित विचारणारीलाही कळत नसावं. "बराच वेळ," ती म्हणाली.

"चिठ्ठी वाचली?"

"वाचली."

"मग काय म्हणाली?"

त्या क्षणी मास्टरबाईला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. निदान ही? हे दोन शब्द तिच्या जिभेवर आले होते. त्या दोन शब्दांनी कदाचित इथल्या इथं काहीतरी वितळलं असतं. पण ते शब्द त्या टेबलावरचे होते. कागदाची गुंडाळी इकडची तिकडे करायची नाही आणि काळजाची करायची, हा कुठला न्याय? आणि दुसरंही होतं, जे तिनं स्वतःशी घरी परतताना कबूल केलं: सांगितलं असतं तर त्या दोन शब्दांची मालकी तिची राहिली नसती.

"त्यांनी माझ्यासमोर जे म्हटलं ते मी तुला सांगणार नाही," ती म्हणाली, "आणि तू आत्ता जे म्हणालीस ते त्यांना सांगणार नाही."

"तू फार कठीण बाई आहेस," बॉबिन म्हणाली. पुढच्या कामाचा कागद मात्र तिनं दिला. त्याला चिठ्ठी नव्हती.

पुढच्या बुधवारी थोरल्या बाईंनी थंडीच्या कपड्यांचं काढलं. दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी जाड विणीच्या कापडाचा, डोक्यातून घालायचा सदरा. त्यांनी पेन्सिलीनं गळा काढला, गोल, जुना, बावीस वर्षं काढत आल्या होत्या तोच. मास्टरबाई बघत राहिली. जाड कापड, गोल गळा. कान नक्की मुडपणार. तिला ते आता दिसत होतं आणि दिसलेलं न दिसल्यासारखं करता येत नव्हतं. गळा थोडा सैल घ्या म्हणावं? पण सैल घेण्याचं तिला सुचलं कुठून? तिच्या डोक्यात आता जे जे सुचत होतं त्याला पुलापलीकडचं ऊन लागलेलं होतं. यापूर्वी कधी हा प्रश्न तिला पडला नव्हता असं नाही. मागे एकदा दोन्ही दुकानांत एकाच आठवड्यात तोच तिरका खिसा लागला तेव्हा तिला आधी गंमत वाटली होती आणि मग घरी येऊन जेवण गेलं नव्हतं. पण खिसा तिचा स्वतःचा होता. हा गळा नव्हता.

"बोल," थोरल्या बाई म्हणाल्या. "तुझ्या तोंडावर दिसतंय."

"काही नाही."

"तो गळा नकोय मला. तो तिचा आहे." त्यांनी रेघ आणखी ठळक केली. "मला आठवतो तो पुरता. मी झोपेत काढून दाखवीन. पण नको."

त्याप्रमाणे मास्टरबाईनं जुना गळा कापला. आपण वाईट काम करतो आहोत हे पुरतं ठाऊक असताना ते नीटनेटकं करायचं, कडा गुळगुळीत, माया सगळीकडे सारखी, हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा केलं. महिन्याभरानं कपडे दुकानाच्या पुढच्या भागात लागले. एका बुधवारी त्या दोघी आत टेबलापाशी असताना पडद्याच्या पलीकडे कुणी बाई मुलाला सदरा घालून बघत होती. मूल रडायला लागलं. साधं, चिडकं रडणं नाही, दुखल्यावरचं. "झालं झालं, आलंच डोकं बाहेर," ती बाई म्हणत होती. थोरल्या बाईंची पेन्सिल थांबली.

"ती सांगायची का गं तेव्हा? कान दुखतात म्हणून?"

मास्टरबाईला खोटं बोलता आलं असतं. हे काही कुणाच्या धंद्याचं गुपित नव्हतं, हे त्या दोघींचंच होतं. "सांगायची," ती म्हणाली.

"तुला?"

"दोघींना. तुम्ही म्हणायचात, झालं, एकच उरलाय. आणि माझ्या तोंडात टाचण्या असायच्या."

थोरल्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे लहान आणि थकलेले दिसत होते, जसे ते दिसत असतील असं मास्टरबाईनं कधी मनात आणलं नव्हतं. पडद्यापलीकडे मूल हळूहळू शांत झालं. ती बाई काही न घेता निघून गेली. "मला वाटायचं, तिला कंटाळा येतो," थोरल्या बाई म्हणाल्या. त्या दिवशी काम झालं नाही. दोघी तशाच बसून राहिल्या, आणि मास्टरबाईला लाज वाटावी इतकं ते बसणं तिला हवंसं वाटलं.

बॉबिन त्याच आठवड्यात तिच्या खोलीवर आली. शुक्रवार नव्हता. हातात पिशवी. पिशवीतून तिनं जाड विणीचा एक लहान सदरा काढून मास्टरबाईच्या टेबलावर पसरला. "ओळखीच्या बाईकडून मागवला," ती म्हणाली. "तिनं घेतला नाही गळा."

"दिसतंय."

"मुद्दाम घेतला नाही. हा गोल गळा या कापडाला शोभत तरी आहे का? तिला कळत नाही असं थोडंच आहे! तिला पाहिल्याबरोबर कळलं असणार." बॉबिनची बोटं गळ्याच्या कडेवरून पुन्हा पुन्हा फिरत होती. मोठी झाल्यावर तिनं केस कानांवरून घ्यायला सुरुवात केली होती. आता ते मागे गेले होते आणि कान दिसत होते. "तिच्या दुकानात मुलं रडत असतील, मावशी."

मास्टरबाईनं टेबलावरच्या टाचण्या डबीत गोळा केल्या.

"तिला सांग, घे म्हणावं. मी काही म्हणणार नाही. माझं नाव नको, काही नको. फक्त घे म्हणावं."

"मी निरोप नेत नाही."

"अगं पण आता मीच सांगते आहे ना! आता कसला नियम?"

"नियम राहू दे." मास्टरबाई खुर्चीत बसली.  हा निरोप नेला की ती दोघींच्या मधे अजून काही वर्षं सुखानं उभी राहू शकणार होती. इकडचा शब्द तिकडे, तिकडचा इकडे. दोघींना तिची गरज लागत राहिली असती. "मी नेला तर तो माझ्या तोंडचा होईल. तू चिठ्ठी माझ्या नावानं लिहिलीस, पण मला नव्हती लिहिली. ती पोचायची होती तिथं चुकून पोचली. आता पुढचं तू स्वतः जाऊन सांग."

"तिनं माझा कागद फाडला होता."

"मी होते तिथं."

"मी गेले आणि तिनं पाठ फिरवली तर?"

"तर परत ये. मी घरीच आहे." मग तिला राहवलं नाही. "पूल ओलांडायला वीस मिनिटं लागतात. मी मोजली आहेत."

बॉबिन बराच वेळ सदऱ्याची घडी घालत बसली. एवढ्याशा सदऱ्याला एवढा वेळ लागत नाही. मग ती उठली, पिशवी न घेताच गेली. मास्टरबाईनं खिडकीतून पाहिलं. पोरगी कोपऱ्यावर थांबली, नदीकडे, पुलाच्या दिशेनं वळली, आणि मास्टरबाईच्या छातीत काहीतरी, इतकी वर्षं शिवून घट्ट केलेलं, एका टाक्यानं उसवलं.

त्या दोघींत काय बोलणं झालं ते तिला कधीच कळलं नाही. तिनं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पुढच्या बुधवारी ती गेली तेव्हा बॉबिन टेबलाशी होती, आईच्या शेजारी, कागदावर वाकलेली. काजंवाली म्हातारी डोळे पुसत होती आणि डोळ्यांत धागा गेला म्हणत होती. थोरल्या बाईंनी वर पाहिलं. "आलीस?" त्या म्हणाल्या, पण पुढं 'हे बघ' आलं नाही. त्या पुन्हा कागदाकडे वळल्या. "पाऊण नको," बॉबिन म्हणत होती, "अर्धाच पुरे, नाहीतर आत घड्या पडतात, मुलांना टोचतं." "बरं, अर्धा," थोरल्या बाई म्हणाल्या. मास्टरबाई भिंतीशी उभी होती, गुंडाळी काखेत धरून. तिला आनंद झाला होता, अगदी खरा. आणि त्याच आनंदाच्या आत कुठंतरी एक खुर्ची कुणी सरकवून नेल्यासारखं रिकामं वाटत होतं.

"तू आता सोमवारी येत जा," थोरल्या बाई निघताना म्हणाल्या. त्यांचा आवाज फार मऊ होता. "बुधवारी ती येते."

सोमवार काही महिने चालला. दुकानं दोन्ही राहिली, स्पर्धाही राहिली. मायलेकी एकमेकींच्या खिडक्या बघून नाकं मुरडायच्या आणि मग एका टेबलावर बसून भांडायच्या. पण पॅटर्न आता बॉबिन स्वतःच काढायला लागली होती, दोन्हीकडचे. तिचा हात मास्टरबाईच्याच हाताखाली तयार झालेला, चूक काढायला जागा नव्हती. सोमवार पंधरवड्यावर गेला, मग काम असेल तेव्हावर. कुणी तिला नको म्हटलं नाही. दोघी प्रेमानं विचारायच्या, बरी आहेस ना, खातेस ना नीट. दुसरी कामं मिळत होती. एक बाई गणवेश करायची, एक म्हातारा छत्र्यांच्या कापडाचे साचे मागायचा. तिची ओढाताण नव्हती. फक्त आठवड्याला आता मध्य नव्हता.

पानगळ सुरू झाल्यावर एका बुधवारी ती बसमध्ये बसली होती, कुठं जायला ते महत्त्वाचं नाही, आणि नेहमीचा थांबा आला तशी उतरली. पाय उतरले. बस गेल्यावर तिच्या लक्षात आलं. दुपारचं ऊन थोरल्या बाईंच्या खिडकीच्या काचेवर आडवं पडलं होतं, आणि काचेच्या आत टेबलावर दोन डोकी एकमेकांना लागतील इतकी वाकलेली होती. ती निघणारच होती, पण बॉबिननं मान वर केली, हात हलवला, आणि धावत दार उघडून बाहेर आली. गळ्यात टेप लोंबत होता.

"मावशी! इकडे कुठं? ये ना आत."

"नको गं, माझं आज काम नाही इथं."

"काम नसलं म्हणून काय झालं?" आतून थोरल्या बाई ओरडल्या. "चहा टाकलाय. ये, बस घटकाभर."

आत खळीचा वास असणार होता. एखादी खुर्ची असणार होती. ती बसली असती, आणि त्या दोघी कागद बाजूला सारून तिच्याशी बोलल्या असत्या, हवापाण्याचं, तब्येतीचं. इंचातलं नाही. तिनं दोन्ही हातांकडे पाहिलं. काखेत गुंडाळी नव्हती, हातांनी काय करावं ते त्यांना समजत नव्हतं.

"घाईत आहे," ती म्हणाली. "एका ठिकाणी नवं काम आहे. वाट बघत असतील."

"कुणाकडे?" बॉबिननं विचारलं. थोरल्या बाईही आता दारात आल्या होत्या, चष्मा कपाळावर.

मास्टरबाई हसली. "ते नाही सांगता येत. तुम्हाला ठाऊक आहे."

"बरं बाई, नको सांगूस," थोरल्या बाई म्हणाल्या, आणि त्याही हसल्या. त्या हसण्यात इतका पुरा विश्वास होता की मास्टरबाईला क्षणभर वाटलं, सांगून टाकावं, कुणी वाट बघत नाही म्हणून.

ती वळली आणि भराभर चालायला लागली, वेळेवर पोचायचं असलेल्या माणसासारखी, पाठ ताठ ठेवून. मागून दोघी बघत असतील हे तिला माहीत होतं. रस्ता वळेपर्यंत, काच दिसेनाशी होईपर्यंत तिनं चाल कमी केली नाही.